ग्लेनिसच्या गाडीमागचं घर

रॉटनस्टॉलच्या रोपवाटिकेत जो कॅफे आहे, तिथलं खिडकीजवळचं टेबल दर गुरुवारी सकाळी पिकप आणि हॅल्स्टेड या दोन जोडप्यांचं. तसं कुठे लिहिलेलं नाही. पण आमच्या रॉसेन्डेलच्या खोऱ्यात लिहिलेल्या नियमांपेक्षा न लिहिलेलेच जास्त कडक. एकदा कुणी परगावचे नवरा-बायको चुकून तिथे बसले, तर ट्रेव्हर हॅल्स्टेड त्यांच्या डोक्याशी उभा राहून इतक्या सभ्यपणे घसा खाकरत राहिला की बिचारे अर्धा केक टाकून उठले.

पिकप हे आडनाव ऐकून बाहेरचे लोक हसतात. आमच्याकडे कुणी हसत नाही. चर्चमागच्या कबरस्तानात अर्धे पिकपच झोपलेत. माल्कम पिकप उंच, वाळका, थोडा पोक काढून चालणारा. आयुष्यभर सपातांच्या कारखान्यात कापणी खात्यात होता. त्याची बायको ग्लेनिस बुटकी, गोल आणि लाल गालांची. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची हयात गेली, आणि आवाज असा की बटाटे उकळणाऱ्या पातेल्यापाशी उभी राहून ती "हात धुतलेस का रे?" म्हणाली की मैदानातली पोरंसुद्धा आपापले हात बघायची. दोघंही सत्तरीच्या पलीकडे.

टेबलावर विषय एकच. कॅरव्हॅन. गाडीमागे जोडायचं ते चाकांवरचं पांढरं घर, जे आमचे लोक उन्हाळ्यात मोठ्या हौसेने समुद्रकाठी नेतात आणि आत बसून पाऊस बघतात.

"तुमचा तो पावाचा डबा होता ना, पहिला," ट्रेव्हर लोणी लावलेला टीकेक हातात धरून म्हणायचा, "त्याच्यासारखा गळका डबा अख्ख्या लँकशरमध्ये नव्हता."

"गळका होता, पण ओढायला पिसासारखा," माल्कम म्हणायचा. "आणि ओढायला आमची मर्टल."

मर्टल म्हणजे मोहरीच्या रंगाची एक म्हातारी मोटार. शॅपच्या चढावर ती एकदा अशी तापली की बॉनेटमधून वाफेचे लोट निघाले. पाणी संपलेलं. तेव्हा ग्लेनिसने थर्मासमधला सगळा चहा तिच्या रेडिएटरमध्ये ओतला. त्यानंतर वर्षभर हीटर लावला की गाडीत चहाचा वास यायचा.

"साखर नव्हती हो त्यात," ग्लेनिस दर वेळी सांगायची. "साखर असती तर इंजिन चिकटलं असतं."

आणि मग फाइली गावची गोष्ट निघायचीच. ती निघाल्याशिवाय कुणी कोट घालत नसे.

तरुणपणी फाइलीला समुद्रकाठी, कॅरव्हॅनींच्या मैदानावर पहाटे दाट धुकं पडलं होतं. हाताला हात दिसेना. माल्कमला ट्रॅफिक लागायच्या आत निघायचं होतं. त्याने चाचपडत मर्टल मागे घेतली, कॅरव्हॅन जोडली आणि चालू पडला. ग्लेनिस शेजारी बसून सँडविचचे पुडके सोडत होती. थोडं पुढे गेल्यावर मागून आरोळ्या. ती कॅरव्हॅन त्यांची नव्हतीच. तशीच, त्याच रंगाची, शेजारची होती. आणि तिच्यात केसांना रोलर लावलेली युनिस हॅल्स्टेड न्याहारीला बेकन तळत होती.

"दोन मैल नेलंस माझ्या बायकोला," ट्रेव्हर म्हणायचा.

"फाटकापर्यंत रे, फाटकापर्यंत!"

"बेकन छताला चिकटलं होतं," युनिस गंभीरपणे सांगायची. "आणि हा माझा नवरा. नुसत्या लेंग्यावर मागे पळतोय आणि ओरडतोय काय? 'माझी कॅरव्हॅन! माझी कॅरव्हॅन!' मी आहे आत, हे त्याला फाटकापाशी आठवलं."

चौघं मग इतकी हसायची की कॅफेतली पोरगी लांबून नॅपकिन घेऊन यायची. तेव्हापासून ही मैत्री. त्यानंतर किती कॅरव्हॅनी आल्या आणि गेल्या, किती गाड्या बदलल्या. आयुष्याचा हिशोब माणसं लग्नांनी नि बारशांनी ठेवतात तसा ही चौघं गाड्यांनी ठेवायची. "तुझं पित्ताशय काढलं तेव्हा आपल्याकडे निळी होती" असं.

पण एका हिवाळ्यात माल्कमचे डोळे गेले. अगदी गेले नाहीत, मधलं गेलं. समोर बघितलं की मधोमध राखाडी डाग, कडेचं मात्र स्वच्छ दिसायचं. डॉक्टरने सांगितलं, आंधळे होणार नाही तुम्ही, पण गाडी चालवणं आजपासून बंद. माल्कमने "बरं" म्हटलं, घरी येऊन गाडीची किल्ली फळीवरच्या चिनी मातीच्या कुत्र्याच्या गळ्यात अडकवली आणि त्या दिवशी न जेवता झोपला. जुनी कॅरव्हॅन वसंतात विकून टाकली. ती नेणारा माणूस अंगणातून वळला तेव्हा माल्कम खिडकीत एका बाजूला मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने बघत राहिला.

त्यानंतर एक चमत्कारिक गोष्ट झाली. माल्कम नव्या कॅरव्हॅनचे बेत करायला लागला.

"या खेपेला मधोमध पलंग असलेली घ्यायची," तो गुरुवारी म्हणायचा. "दोन्ही बाजूंनी उतरता येतं. खालून गरम होणारी जमीन. दोन जोडी चाकं."

"दोन जोडी चाकं म्हणजे ओढायला जनावर लागेल," ट्रेव्हर म्हणायचा. ट्रेव्हर गॅस खात्यातून निवृत्त झालेला. प्रत्येक गाडीचं वजन त्याला तोंडपाठ. "तुझ्या त्या काडेपेटीने नाही जमणार."

"मग गाडीही नवी घेऊ."

चालवणार कोण, हे कुणी विचारत नसे. युनिस चहात डोकावायची, ट्रेव्हर खिडकीबाहेरच्या फुलझाडांच्या कुंड्या मोजल्यासारखं करायचा, आणि ग्लेनिस म्हणायची, "मधोमध पलंग छानच हो. भिंतीकडेने झोपले की मला उठताना तुझ्या अंगावरून डोंगर चढावा लागतो."

शरदात चौघं बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनाला गेली. ट्रेव्हरने गाडी चालवली, युनिसने फॉइलमध्ये बटाट्याच्या पाई बांधून घेतल्या. तो प्रचंड हॉल आणि त्यात ओळीने नव्याकोऱ्या कॅरव्हॅनी, दारं सताड उघडी, पायऱ्यांवर लाल गालिचा. आमच्या वयाच्या माणसांची ती जत्राच. दारात बूट काढायचे, आत शिरायचं, गाद्यांवर आपटून बघायचं, पाणी नसलेले नळ सोडायचे, फ्रिज उघडून "हं" म्हणायचं आणि पुढच्या कॅरव्हॅनीत जायचं.

सगळ्यांत मोठीत मधोमध पलंग होता. माल्कम आणि ग्लेनिस त्यावर आडवी झाली. हात छातीवर, पाय जुळवलेले. रांगेतले लोक त्यांच्या पायाशी येऊन थबकायचे नि पुढे जायचे.

"चर्चमधल्या दगडी राजा-राणीसारखे दिसतोय आपण," ग्लेनिस कुजबुजली.

"हलू नको. त्या बाईने आत्ता टोपी काढली."

ग्लेनिसला हसू आवरेना. ते हसू गादीतून माल्कमच्या पाठीला लागलं आणि तोही गदागदा हलायला लागला. शेवटी विक्रेता आला. तरुण, तेल लावून केस चापलेला.

"पसंत पडलेली दिसतेय साहेबांना! कोणती गाडी आहे ओढायला?"

माल्कमचं हसू तिथेच विझलं. तो उठून बसला. "विचार चालू आहे," म्हणाला आणि बूट शोधायला लागला. त्याला ते सापडेनात. नेमके समोर होते. ग्लेनिसने वाकून हातात दिले.

त्या दुपारी युनिसच्या एक गोष्ट ध्यानात आली. ग्लेनिस मोठ्या कॅरव्हॅनी सोडून कोपऱ्यातल्या एका छोट्या, गोल पाठीच्या, फिकट हिरव्या पट्ट्याच्या कॅरव्हॅनीपाशी रेंगाळत होती. पडदे बघत होती म्हणाल तर तसं नाही. चांगली गुडघ्यांवर बसून खालून जोडणीचा दांडा बघत होती आणि विक्रेत्याला विचारत होती, "नाकावर, या दांड्यावर, वजन किती येतं हिच्या?"

"हिला काय करायचंय नाकाचं?" युनिस मनाशी म्हणाली.

त्याआधीपासूनच ग्लेनिस दर मंगळवारी पोहायला जात होती. बॅगेत पोशाख, टॉवेल, पायात सपाता. "सांध्यांना बरं असतं," म्हणायची. एका मंगळवारी माल्कमने कपडे धुवायला टाकावेत म्हणून तिची बॅग उघडली. डोळे दगा द्यायला लागल्यापासून त्याच्या बोटांना दिसायला लागलं होतं. पोशाख कोरडा ठणठणीत. टॉवेल घडीतला. सपातांना मात्र चिखल. जन्मभर सपाता कापलेला माणूस. त्याला तो चिखल पुस्तकासारखा वाचता येत होता. हा तलावाकाठचा नव्हता. उघड्या माळावरचा होता.

त्याने बॅग पुन्हा बंद केली. आणि बेतातली नवी कॅरव्हॅन आणखी मोठी करायला लागला, एवढंच. आता तिला आंघोळीचा टब आला.

नंतरच्या आठवड्यात युनिसने ग्लेनिसला बसस्टॉपमागे एका जीपमध्ये चढताना पाहिलं. गर्द हिरवी जीप. चालवणारा माणूस देखणा, पिळदार पांढऱ्या मिशांचा, गळ्यात रेशमी रुमाल. आणि ग्लेनिस त्याच्या कुठल्याशा बोलण्यावर मांडीवर थाप मारून हसत होती. युनिसने हे पोटात ठेवलं. पोटात ठेवणं हा युनिसचा स्वभाव नव्हे, त्यामुळे तिला अपचन झालं आणि शेवटी तिने ट्रेव्हरला सांगितलं. ट्रेव्हरने माल्कमला बागेच्या शेडमध्ये नेलं, दार लावलं आणि गॅसची गळती सांगावी तशा आवाजात सांगितलं.

माल्कम घरी आला. ग्लेनिस पिठाच्या हातांनी बटाट्याच्या बटर-पाईवर कणकेचं झाकण घालत होती.

"मिशीवाला कोण?" त्याने विचारलं.

"कोण मिशीवाला?"

"हिरव्या जीपचा. मंगळवारचा. ग्लेनिस, मला मधलं दिसत नाही, पण कडेने सगळं दिसतं हां. पोशाख कोरडा असतो तुझा."

ग्लेनिसने त्याच्याकडे पाहिलं. एवढा उंच माणूस दारात उभा, शाळेतल्या पोरासारखा हातातली टोपी चुरगाळतोय. आधी तिला रडू येईलसं वाटलं. पण आलं भलतंच. ती हसायला लागली. टेबलाला धरून हसली, मग टेबल सुटलं तशी खाली फरशीवर बसून हसली, पिठाचे हात तोंडावर, नाकावर, केसांत.

"डेस्मंड!" ती कशीबशी म्हणाली. "अरे, तो ऐंशीला टेकलाय! त्याच्या कवळीचा आवाज येतो वळणावर!"

"हसायला काय झालं? मी विचारतोय—"

"कोट घाल. चल. पाई राहू दे, येऊन भाजू. चल म्हणते ना!"

लायसन्स तिचं जुनंच होतं, चालवायची वेळच कधी आली नव्हती. तिने चिनी कुत्र्याच्या गळ्यातली किल्ली काढली आणि त्याला गाडीत बसवून वरच्या माळावर नेलं. तिथे लढाईच्या काळातली एक जुनी धावपट्टी आहे, भेगांतून गवत उगवलेली. डेस्मंड टॅटरसॉल तिथे नारिंगी शंकू मांडून बसलेला. जन्मभर शर्यतीचे घोडे गाडीमागच्या डब्यातून नेलेला माणूस. आता हौशी लोकांना कॅरव्हॅन ओढायला शिकवायचा. बाजूला त्याची एक जुनाट, चेपलेली कॅरव्हॅन उभी होती.

"आज मंगळवार आहे का?" त्याने विचारलं.

"नाही. पण नवऱ्याला संशय आलाय."

"माझ्यावर?" डेस्मंडने मिशीला पीळ दिला. तो इतका खूष झाला की त्याने त्या दिवशीची शिकवणी फुकट दिली.

ग्लेनिसने गाडी मागे घेतली. माल्कमने उतरायला दाराला हात घातला, सवयीने. "बस तू," ती म्हणाली. तिने स्वतः उतरून कॅरव्हॅनीचं नाक गाडीमागच्या गोळ्यावर बसवलं, साखळी लावली, दिव्यांची वायर जोडली, दांडा खाली दाबून बघितला. मग आत येऊन आरसे नीट केले, डावा, उजवा, आणि निघाली.

माल्कम शेजारच्या सीटवर. मागे कॅरव्हॅन असताना जन्मात पहिल्यांदा. मागच्या ओझ्याचा तो ओळखीचा हिसका पाठीला बसला आणि त्याला कळलं की आता निघालो. धावपट्टी संपत आली तशी ग्लेनिसने हात सैल सोडून रुंद वळण घेतलं, शंकूंमधून नागमोडी नेली, एक शंकू उडवला, "सॉरी डेस्मंड!" ओरडली आणि पुन्हा वेग घेतला. माळावरचा वारा खिडकीतून आत घुसला. तिचे केस पिठाने पांढरे, गाल लाल, डोळे रस्त्यावर.

"मला का नाही सांगितलंस?" माल्कमने ओरडून विचारलं.

"सांगितलं असतं तर तू शिकवायला बसला असतास!"

तो हसायला लागला. हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले, दोन्ही. "ग्लेनिस पिकप," तो म्हणाला, "चाळीस वर्षं मी तुला नुसतं नकाशे वाचायला लावलं."

"आणि रिव्हर्सच्या वेळी पावसात उभं केलंस. 'ये, ये, ये, थांब' करत. तेव्हाच मनात यायचं, आत बसून हा एवढं काय करतोय? आता कळलं. काहीच करत नव्हतास. मीच करत होते सगळं!"

आंघोळीचा टब त्याच संध्याकाळी रद्द झाला. मधोमध पलंगही गेला, दोन जोडी चाकंही. ठरलं ते कोपऱ्यातल्या त्या हिरव्या पट्ट्याच्या छोट्या कॅरव्हॅनीचं. "मला वळवता येईल ती घेऊ," ग्लेनिस म्हणाली, "उठताना तुझा डोंगर मी चढेन." ओढायला मात्र तिने नवी गाडी निवडली, धट्टीकट्टी, बटाट्याच्या पोत्यासारखी, लालभडक. ट्रेव्हरने वजनांची बेरीज-वजाबाकी केली, पुन्हा केली आणि नाइलाजाने म्हणाला, "बरोबर आहे हिचं."

"मग काय," ग्लेनिस म्हणाली, "दोनशे पोरांचं जेवण मापात काढत होते मी. एक कॅरव्हॅन काय चीज आहे?"

पुढच्या वसंतात, पहिल्या चांगल्या शनिवारी, दोन्ही जोडपी सिल्व्हरडेलच्या मैदानाला निघाली. हॅल्स्टेड पुढे गेले. पिकप मागून. गल्लीतले लोक दारात उभे राहिले होते. समोरची बाई तर ड्रेसिंग गाउनवर आली आणि जहाज सोडायला आल्यासारखी टॉवेल हलवत राहिली.

गावाबाहेर पडताना मोठा गोल लागतो, मधे फुलं लावलेला. तिथून डावीकडचा दुसरा रस्ता धरायचा. ग्लेनिस गोलात शिरली. पहिला रस्ता गेला. दुसरा आला.

"हा," माल्कम म्हणाला.

दुसरा गेला.

"अगं, हा होता!"

"माहितेय."

ती पुन्हा फिरली. लाल गाडी, मागे हिरव्या पट्ट्याची कॅरव्हॅन, फुलांभोवती गोल गोल. आरशात मागचं ते घर वळताना दिसत होतं, आज्ञाधारक, तिच्या मागोमाग, जिथे ती जाईल तिथे.

"चुकलीस का?" माल्कमने विचारलं.

"नाही."

"मग?"

"छान वाटतंय रे!"

माल्कमने खिडकीची काच खाली केली. तिसऱ्या फेरीला त्याने टोपी काढून बाहेर धरली. बसथांब्यावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या दुधाच्या टँकरवाल्याने भोंगा दिला, तो रागाने दिला की कौतुकाने हे आजवर ठरलेलं नाही. माल्कम म्हणतो कौतुकाने.

सिल्व्हरडेलला पोचली तेव्हा खरी परीक्षा होती. मैदानावर कॅरव्हॅन आत शिरणं हा आमच्या लोकांचा चित्रपट. नवी गाडी आली की सगळे आपापल्या घडीच्या खुर्च्या तिकडे वळवतात, चहाचे मग घेऊन बसतात आणि कोण कसं वाकडं जातं ते बघतात. आज तर चाक धरून बसलेली म्हातारी, आणि शेजारी तिचा धडधाकट दिसणारा नवरा. खुर्च्या भराभर वळल्या. कुणी बिस्किटांचा डबा उघडला.

पहिल्या खेपेला कॅरव्हॅन तिरकी गेली आणि गाडीशी कोपरासारखी मुडपली.

"डावीकडे घ्या बाई, डावीकडे!" एक टक्कल ओरडलं.

"उजवीकडे! हात खाली!" दुसरं.

"पुढे घ्या आधी!" ट्रेव्हर स्वतः खुर्चीतून उठला होता. "ग्लेनिस, ऐक, मी सांगतो—"

ग्लेनिसने खिडकीतून डोकं काढलं. "बसा सगळे!"

तो शाळेच्या स्वयंपाकघरातला आवाज होता. सगळे बसले. एकाने तर नकळत हात बघितले. लांब खाडीच्या वाळूवर चोच मारणारे पक्षीसुद्धा उडाले, असं युनिस सांगते, पण युनिस काहीही सांगते.

"माल्कम," ग्लेनिस म्हणाली, "उतर. मागे उभा राहा."

"मी? अगं, मला दिसत नाही."

"मधलं दिसत नाही. मधे तर कॅरव्हॅन आहे, ती मलाही दिसतेय. मला कडा सांग. कडेला कुंपण किती आणि कडेला तो नळ किती."

माल्कम उतरला. मागे जाऊन उभा राहिला, पाय फाकून, मान सरळ. समोर राखाडी डाग होता. पण डागाच्या डावीकडे कुंपण स्पष्ट, उजवीकडे नळ स्पष्ट, आणि दोन्हींच्या मधे सरकत येणारी दोन कोपरं. त्याने दोन्ही हात वर केले.

"ये," तो म्हणाला. "ये. डावीकडे जागा आहे. ये, ये. नळ लांब आहे. ये गं माझी राणी. ये, ये—थांब!"

कॅरव्हॅन थांबली. अशी सरळ की पट्टी लावून बघावी. टक्कलवाल्याने चहाचा मग खाली ठेवला आणि टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. माल्कमने नकळत कमरेत वाकून मुजरा केला, आणि मग लक्षात येऊन गाडीकडे बोट दाखवलं. ग्लेनिस सीटवर बसूनच दोन्ही हात हलवून लोकांना नमस्कार करत राहिली. युनिस पळत आली आणि तिच्या गालांचे मुके घेत सुटली.

"मी तुझ्यावर काय काय संशय घेतला, देवा!"

"घे गं, अजून घे. या वयात कोण घेतं?"

मग पायऱ्या लागल्या, किटली चढली, ट्रेव्हरने आपल्या रिमोटवर चालणाऱ्या कॅरव्हॅनीचं कौतुक सांगायचा प्रयत्न केला आणि कुणी ऐकलं नाही. दुपारी पाऊस आला. चौघं त्या छोट्याशा कॅरव्हॅनीत गुडघ्याला गुडघा लावून बसली, खिडक्यांवर वाफ धरली, आणि पत्ते मांडायच्या ऐवजी चौघांनी स्कॉटलंडचे बेत मांडले. मग आयर्लंडचे. युनिसने तर बोटीत कॅरव्हॅन चढवता येते का, हेही विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन. माल्कम जागा झाला तो कॅरव्हॅनीखालचे टेकू वर उचलल्याच्या करकरीने. मागचे दोन, मग पुढचे दोन. त्याने दार उघडून मान कडेला वळवली. ग्लेनिस रेनकोटवर, पायजम्याच्या पायांवर गमबूट चढवून, गाडी जोडत होती.

"काय झालं? निघालो?"

"दूध संपलंय."

"अगं, दूध ऑफिसच्या दुकानात मिळतं. तो बघ, तिथे, झाडापाशी."

"ते मला माहितेय," ग्लेनिस म्हणाली. तिने साखळी अडकवली आणि दिवे लागतात का ते बघायला मागे गेली. "पण रस्ता पुढच्या गावाला, कार्नफर्थकडे जातो ना."

माल्कमने थोडा विचार केला. मग आत जाऊन कप कपाटात बंद केले, किटली सिंकमध्ये ठेवली, टोपी घातली आणि येऊन शेजारच्या सीटवर बसला.

"कार्नफर्थचं दूध चांगलं असतं," तो म्हणाला.